चाळीस अंडी

एर्मेलिंदाने चिमट्याने कोंबडीच्या उबवत ठेवलेल्या अंड्यावरची चिकटपट्टी सोलली. कवचाला कापलेली नखाएवढी खिडकी उघडी पडली. आत पातळ पडदा, त्यावर लाल रक्तवाहिन्यांची जाळी. मधोमध स्पंजाचा कण होता, कर्करोगाच्या गाठीच्या अर्कात भिजवलेला. चाकाच्या आऱ्यांसारख्या वाहिन्या त्याच्याकडे धावल्या होत्या.

"गाठ अशीच हाक मारते," ती म्हणाली. "मला रक्त पाठवा म्हणते. आणि भोवतालचं खुळं शरीर पाठवतं."

विद्यार्थी हसले. इटलीतल्या तारांतोच्या या प्रयोगशाळेतला तिचा आज शेवटचा दिवस. टेबलावर फोकाच्चा पाव आणि ऑलिव्ह मांडले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचा जुना मदतनीस दोनातो रविवारचा कोट घालून बसला होता.

"दोनातोकाका, आता तुम्ही दाखवा," लोरेदाना म्हणाली. ती एर्मेलिंदाची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. "खिडकी कापावी तर तुम्हीच, असं बाई म्हणतात."

"नको गं पोरी. मला पाहून कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात." तो हसला. "तुला ठाऊक नाही? बाईंचं नाव बुडवायला निघालेला तो मीच."

मग त्याने सांगितलं. चाळीस अंडी. विसांना औषध, विसांना मिठाचं पाणी. अंड्यांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्याला काय दिलं, ती यादी मदतनीस खणात कुलूपबंद ठेवतो, कारण डोळ्याला हवं तेच दिसतं. वाहिन्या मोजणाऱ्याला काही कळता कामा नये.

"मी यादीतच घोळ घातला. मग अठरा वर्षं बाटल्या धुतल्या. बरोबरच झालं. बाईंनी नोकरी घालवली नाही, हे त्यांचे उपकार."

एर्मेलिंदाने अंड्यावर पुन्हा पट्टी लावली. ती नीट बसेना.

ती यादी तिने मोजण्याआधीच वाचली होती. मग औषधाच्या अंड्यांवरच्या बारीक वाहिन्या तिने मोजल्याच नाहीत. औषध वाहिन्या रोखतं, असा निबंध छापून आला. उत्तरेकडच्या संशोधकांना तोच प्रयोग करून तसं काही आढळेना, तेव्हा तिने एक पत्र लिहिलं: मदतनीसाने यादीत घोळ केला, निबंध मागे घेते. तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. दोनातो दर नाताळला बदामाची मिठाई घेऊन यायचा. ती खायची.

तिने चिमटा खाली ठेवला.

"दोनातोंनी घोळ घातला नव्हता. यादी बरोबर होती. मी ती आधी वाचली, मग मोजलं. आणि त्यांच्यावर ढकललं."

मग लोरेदानाचे डोळे भरून आले.

"पाहिलंत? आजसुद्धा दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतात!"

टाळ्या सुरू झाल्या.

"अरे, खरं सांगतेय मी!"

टाळ्या वाढल्या. तिचे कान तापले. कुठे तोंड लपवावं, तिला कळेना.

दोनातोने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तो उठून जवळ आला. बाटल्या धुण्याआधी अकरा वर्षं त्याने तिच्या हाताखाली काढली होती. त्याला तिचा आवाज कळत होता.

"खरं?"

"खरं."

"किल्ली माझ्याकडे असायची."

"जेवायला जाताना तुम्ही कोट खुंटीला टांगून जायचात."

त्याने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी.

"कुठल्या आकड्याला चुकलो, हे मी अजून आठवत बसतो, बाई. माझी बायको कार्मेला म्हणायची, सोडा आता, माणूस चुकतो. ती बिचारी मला चुकलेलाच समजून गेली."

'माफ करा' तिच्या ओठांवर आलं. ते फार थिटं वाटलं. तिने गिळलं.

"माझी लेक आहे," तो म्हणाला. "तिला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं हे लोक टाळ्यांतच घालवतायत."

एर्मेलिंदाने कागद ओढला. बाई निरोपाचं काही लिहितायत असं समजून कुणीतरी वाइनचा पेला शेजारी ठेवला. तिने तो बाजूला सारला. निबंध मागे घेण्याच्या त्या जुन्या पत्रात तिने 'आमचा मदतनीस' एवढंच लिहिलं होतं. आता तिने आधी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, दोनातो कारोत्सिनी, आणि थांबली.

तो चष्मा लावून तिच्या खांद्यामागे उभा राहिला होता.

"हं," तो म्हणाला, "पुढे लिहा."