धर्माजी गवंड्याचा नकार

धर्माजी गवंड्याच्या तोंडात 'नाय' हा शब्दच नव्हता. मोहोपाड्याच्या आसपास कारखाने उभे राहिले, गावोगावच्या माणसांना नोकऱ्या लागल्या आणि जो तो कुडाचं घर पाडून विटांचं बांधायला निघाला. येईल त्याला धर्माजी म्हणे, "बांधू की!" सदुसष्ट सालच्या दिवाळीनंतर त्यानं अशी सात घरं एकदम धरली. चार दिवस इकडे, दोन दिवस तिकडे. मृग लागला तेव्हा एकाही घरावर कौलं चढली नव्हती. मोतीबाई एकटी विधवा. तिची उघडी भिंत आषाढात बसली आणि त्या बाईनं सगळा पावसाळा भावाच्या पडवीत काढला. रस्त्यात भेटली की ती नुसतं "जयभीम, दादा" म्हणायची. धर्माजीला वाटायचं, त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची बायको चंद्राबाई कारखान्याच्या कॉलनीसमोर छोटंसं दुकान चालवायची. शेजारची दुकानं मोठी, तांदूळ-मिठानं खच्चून भरलेली. चंद्राबाईनं पहिलं वर्षभर फक्त कान उघडे ठेवले. सातारा-कोल्हापूरकडून आलेल्या बाया काय मागतात आणि काय न मिळाल्यानं रिकाम्या हातानं परत जातात, ते तिनं ध्यानात घेतलं. मग तिनं स्टोव्हच्या पिना आणल्या, वाती आणल्या, कंदिलाच्या काचा आणल्या. छत्र्या तर वैशाखातच. तिच्याकडे माल थोडा, पण पडून काही राहायचं नाही.

अडुसष्टच्या दसऱ्याला, सकाळची वंदना झाल्यावर, तिनं नवऱ्याला अंगणात बसवलं आणि समोर चिंचोके मांडले.

"दिवाळीपास्नं मृगापर्यंत तीस आठवडं. येका घराला किती लागतात? खरं सांगा."

"सात. कौलं धरून."

तिनं सात-सातचे चार ढीग केले. दोन चिंचोके उरले. "ह्ये दोन अडीअडचणीला. म्हंजी चार घरं. गेल्या सालची तिघं दुसऱ्या गवंड्याकडं गेली, ऱ्हायली चार. पयली मोतीबाई."

"आन् येसाजी?"

येसाजी धर्माजीचा जिवाभावाचा मित्र. दोघांनी तरुणपणी एकाच मुकादमाकडे चुना-मातीचा गारा वाहिला होता. येसाजीच्या लेकीचं, सोनूचं, लग्न वैशाखात ठरलं होतं आणि त्याआधी घर बांधून द्यायचा शब्द धर्माजीनं दिला होता.

"त्येला म्या न्हाय म्हनू?" धर्माजीचा आवाज चढला. "पोरीचं लगीन हाय त्येच्या!"

"हो म्हनालात तर पाची घरं उघडी पडतील," ती हळूच म्हणाली. "त्येचंबी."

दोन दिवस धर्माजीला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो येसाजीकडे गेला. "वैशाखापर्यंत नाय जमायचं रं. पुढल्या दिवाळीनंतर तुझं पयलं धरतो."

येसाजी त्याच्याकडे बघतच राहिला. "मोतीबाईसाठी येळ हाय, आन् माज्यासाठी नाय?"

"तिची भिंत माज्यामुळं बसली, येसा."

येसाजी उठून आत गेला. त्याची बायको चंद्राबाईच्या दुकानावर यायची बंद झाली. सोनूचं लग्न जुन्या घरापुढे मांडव घालून झालं. धर्माजी-चंद्राबाईंना बोलावणं आलं, पण येसाजी त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही. परतताना चंद्राबाईचे डोळे भरून आले. "माजंच चुकलं का वो?" धर्माजीनं रस्त्यातच तिचा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यानं तो कधी धरला नव्हता. "नाय गं. सांगायला उशीर झाला, त्ये माजं चुकलं."

मृगाच्या आठ दिवस आधी चौथ्या घरावर शेवटचं कौल बसलं. पावसानं जोर धरला तसा धर्माजी इरलं घेऊन एकेका घरी डोकावून आला. कुठं थेंब गळत नव्हता. मोतीबाईनं त्याला चुलीपाशी बसवून चहा दिला. "दादा, भिताडाला हात लावून बगा, कोरडंठाक हाय." तो हात लावून बसला आणि चहा निवला तरी त्यानं तो काढला नाही.

त्या दिवाळीला लोक स्वतःहून विचारू लागले, "धर्माजी, आमचा नंबर कदी?" थांबायला कुणाची ना नव्हती. सांगितलेल्या महिन्यात घर होतं, हे सगळ्यांनी बघितलं होतं.

एके सकाळी येसाजी दारात उभा राहिला. आत यावं की नाही अशा पायानं.

"वहिनी," तो चंद्राबाईकडे बघून म्हणाला, "सोनूला दिवस हायत. पयलं बाळंतपण, आमच्याकडंच येनार. फाल्गुनात."

चंद्राबाईनं पाट पुढे सरकवला. "बसा आदी, भावजी. फाल्गुनात म्हंजी माघात कौलं चढली पायजेत. पाया परवाच खणा," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली.

"तू आला नायस, येसा, म्हून पयला नंबर पांडूला दिला. परवा त्येचं काम सुरू व्हायचं हाय," धर्माजी म्हणाला. त्यानं क्षणभर विचार केला. "मी जातो पांडूकडं. मोकळं सांगून बगतो."

पांडूनं सगळं ऐकलं, हसला आणि म्हणाला, "बाळ थांबायचं नाय, दादा. मी थांबतो."

माघाच्या शेवटी सोनू माहेरी आली, तेव्हा भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येत होता. पंधरा दिवसांनी येसाजी धावतच दुकानावर आला. "वहिनी, नात झाली!"

चंद्राबाईनं फळीवरून एक घडी उचलून त्याच्या हातात ठेवली. टोपड्याचं मऊ कापड. ते तिनं आठ दिवस आधीच आणून ठेवलं होतं.