शेजारच्या सीटचा ब्रेक

"काका, खरं सांगा, ही गाडी ड्रायव्हिंग स्कूलला लावली होती ना?"

तपासणीवाली मुलगी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे वाकून टॉर्च मारत होती. तिथलं कार्पेट पायाशी झिजून पार खालचा पत्रा दिसायला लागला होता. "शिकवणाऱ्याचा ब्रेक असतो ना, बरोब्बर तिथंच घासलंय. तसली गाडी असेल तर वॉरंटी वाढत नाही."

टेलरकाकांचं धाबं दणाणलं. गाडी मुळात कुणीतरी वापरून विकलेली, त्यात त्यांच्याकडे आठ वर्षं राबलेली. "वॉरंटी वाढली तर ठेवा, नाहीतर विकून टाकू," असं मुलानं निक्षून सांगितलं होतं. आणि काकांना गाडी विकायची नव्हती.

"अगं पोरी, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. तिथं माझी बायको बसायची."

"मग?"

"मग काय! गाडी मी चालवायचो आणि ब्रेक ती मारायची. कुत्रं दिसलं की मार, ट्रक दिसला की मार. मी म्हणायचो, तुझ्या माहेरच्यांनी बसवून दिलाय का गं ब्रेक तिथं?"

मुलगी खळखळून हसली. मग काकांनाही चेव आला. एकदा समुद्रावर जाताना तिनं इतके ब्रेक मारले, की उतरल्यावर बाईसाहेब दिवसभर लंगडत होत्या. काय दिवस होते ते! ती जाऊन आता वर्ष झालं होतं, आणि एकट्यानं गाडी चालवताना काकांना अगदी करमायचं नाही.

"पेडल बसवल्याची खूण तर दिसत नाही कुठं," मुलगी म्हणाली. "चला, एक चक्कर मारू. चालवते मी."

काका त्या सीटवर पहिल्यांदाच बसले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि त्यांनी जीव मुठीत धरला. इथून समोरचा ट्रक थेट अंगावर येत होता, कडेचे खांब कानाला चाटून जात होते, आणि हातात स्टिअरिंगसुद्धा नव्हतं. म्हणजे ती नाटक करत नव्हती. दर वेळी खरोखर घाबरत होती, आणि तरी "चल" म्हटलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी असायची. आणि आपण इतकी वर्षं नुसते हसलो.

"जरा हळू घेतेस का, बाळा?"

"हो, काका." मुलीनं लगेच वेग कमी केला. थोड्या वेळानं म्हणाली, "गाडी ठणठणीत आहे. वाढवून देते वॉरंटी."

काकांना आनंद व्हायला हवा होता. ते खिडकीकडे तोंड करून रडत होते.