चंद्राचा नमस्कार

गल्लीच्या तोंडाशी सम्राटच्या मोटारसायकलचा आवाज आला आणि पिराजीनं कुडाला टेकवून ठेवलेली काठी उचलली.

आवाज जवळ येईपर्यंत तो थांबला. गाडी गोठ्यासमोरून गेली, पत्रे थरथरले, आणि नेमकी तेव्हाच काठी चंद्राच्या नाकाडावर बसली. मग मानेवर, मग पाठीवर. आवाज विरला तसा पिराजीचा हात थांबला. त्यानं काठी पुन्हा जागेवर ठेवली आणि काहीच न झाल्यासारखं म्हशीपुढं वैरण टाकली.

त्याची बायको बायडाबाई धारेची बादली तशीच ठेवून धावत आली. "आवो, मुक्या जनावराला कशापायी मारतायसा?"

"लाथ मारती."

"चंद्रा? जन्मात कधी पाय उचलला न्हाय तिनं! डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

डोकं ठिकाणावर होतं. पोरगा विश्वजित गेल्यापासून पिराजीचं डोकं इतकं ठिकाणावर कधीच नव्हतं. सबंध आयुष्यात त्यानं जनावरावर हात उचलला नव्हता. गोठ्यातल्या म्हशी, दोन वेळची धार, संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर काढून दिलेलं फेसाळतं दूध, एवढंच त्याचं जग. त्या जगातून एकुलता एक पोरगा उचलून नेणारा माणूस रोज त्याच्याच दारावरून गाडीची मूठ पिळत, आवाज काढत जात होता. पिराजीला ते सहन होत नव्हतं, आणि सहन करायचंही नव्हतं.

कळंब्याच्या रस्त्याला ते घडलं. विश्वजित दूध घालून गाडीवरून परत येत होता. मागून सम्राट आणि त्याची दोस्तमंडळी आली. त्या दिवशी त्यातलंच एक पोरगं रडत रडत पिराजीच्या दारात येऊन बसलं होतं.

"मामा, आमी बुंगाट सुटलो हुतो. सम्राटनं इश्वाला नुसता कट मारला. मज्जा म्हून. इश्वा उडालाच."

"कट म्हंजे?"

पोरानं एक तळहात दुसऱ्या तळहाताला घासून पुढं काढून दाखवला. "असं घासून जायाचं. म्होरला भ्याला पायजे, बास."

शब्द पिराजीच्या कानावरचे होते, अर्थ त्यानं कधी विचारला नव्हता. बुंगाट, सुंगाट, कट मारला, चाक उचललं; कट्ट्यावरची पोरं हे सगळं चिंचा चघळल्यासारखं बोलायची. विश्वजितही बोलायचा, आणि बापानं डोळे वटारले की हसायचा. पण खेळातल्या शब्दांनी माणूस मरतो, हे पिराजीला तळहाताला तळहात घासला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर तीच पोरं म्हणाली, "इश्वाचा तोल गेला." सम्राटचा बाप मोठा कंत्राटदार, त्यानं रातोरात सगळ्यांची घरं गाठली होती. आदल्या दिवशीचा कट दुसऱ्या दिवशी तोल झाला आणि प्रकरण मिटलं. सम्राटनं पुढं नवी गाडी घेतली, तिच्याही सायलेन्सरची पुंगळी काढली आणि गल्ली दणाणून सोडायला लागला.

मग दिवाळीच्या आधी कट्ट्यावर बातमी आली. पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत सम्राट मित्राच्या म्हशीपुढं गाडी काढणार होता.

पाडव्याला कोल्हापुरात गवळी म्हशींना न्हाऊमाखू घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा चढवतात. मालक फडफडती गाडी घेऊन पुढं सुटतो आणि म्हैस त्या आवाजामागं जीव खाऊन धावते. शंभर गाड्यांतून ती आपल्या माणसाची गाडी ओळखते. चंद्राला विश्वजितनं शिकवलं होतं, ती एवढीशी रेडी असल्यापासून. गाडी चालू करायची, थोडं पुढं जायचं, ती धावत आली की तळहातावर गूळ. तो गेल्यावर चंद्रा कुणाच्याच मागं धावली नाही.

पिराजीनं बेत केला तो ह्याच गुळावरून. आवाज आला की गूळ मिळतो, म्हणून ती आवाजामागं धावायची. आवाज आला की काठी बसू दे, म्हणजे ती आवाजावर धावून जाईल. शिंगं तिची चांगली हातभर लांब होती. लोक म्हणतील, म्हैस बिथरली. म्हणू देत. त्याच्या पोराच्या वेळी तरी लोक खरं कुठं बोलले होते?

पाडव्याला त्यानं चंद्राला स्वतः सजवलं. पाठीवरच्या वळांवर गुलाल फासला. बायडाबाईला वाटलं, दुःख मागं टाकून माणूस जरा माणसात आला. तिनं दोघांनाही ओवाळलं.

मैदानात माणसाला माणूस चिकटलं होतं. हलगी कडाडत होती, गाड्या फटाके फुटल्यागत वाजत होत्या. एकेक म्हैस शेपूट वर करून धावत येई आणि शिट्ट्यांनी कान बसत. पिराजी कडेला दावं धरून उभा होता.  कर्ण्यावरून सम्राटचं नाव पुकारलं, तेव्हा त्यानं दाव्याची गाठ सोडली.

ती गाडी आली. डोक्यावर फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा, ओठांवर तेच हसू. पिराजीच्या समोरच सम्राटनं गाडी पिळली. आवाज थेट छातीत घुसला.

"जा," पिराजी पुटपुटला. "जा चंद्रे, घे त्याला."

चंद्रा जागची हलली नाही. तिनं डोळे घट्ट मिटले. तिचं सबंध अंग थरथरायला लागलं. मग ती सम्राटकडं पाठ करून पिराजीकडं वळली, पुढचे दोन्ही गुडघे वाकवले आणि मान खाली घालून नाकाड त्याच्या पायांशी आणलं. रोज काठी जिथं बसायची, ती जागा तिनं आपणहून पुढं केली होती.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मैदान फुटलं.

"आयला, नमस्कार घातला की मालकाला!"

"नाद खुळा! गाडीच्या आवाजावर पाया पडती बघा!"

कर्ण्यावरचा माणूस चेकाळला. "पिराजीमामांची चंद्रा! काटा किर्रर! वाजवा टाळ्या!" कुणीतरी मानाचा फेटा आणून पिराजीच्या डोक्यावर ठेवला. गाडी थांबली तशी चंद्रा हळूहळू उठली.

"पुन्ना एकदा! सम्राट, पिळ की गाडी!" गर्दी ओरडली.

सम्राटनं गाडी पिळली. चंद्रानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा गुडघे टेकले. लोक मोबाईल वर धरून खिदळले. सम्राटही हसला, आणि ह्या वेळी त्याचं हसू खरोखरचं होतं. "मामा, लई भारी शिकिवलंय की हिला! कसं केलं वो?" त्याची मूठ पुन्हा पिळायला वळली.

पिराजी धावला. ज्याची मान मोडायला तो आला होता, त्याच्या गाडीपुढं त्यानं दोन्ही हात जोडले.

"बंद कर," तो म्हणाला. "बाबा, पाया पडतो तुझ्या. गाडी बंद कर."

सम्राटचं हसू गळून पडलं. त्यानं एकवार पिराजीकडं पाहिलं, एकवार म्हशीकडं. घामानं गुलाल ओघळला होता आणि खालचे वळ उघडे पडले होते. त्याला काय समजलं देव जाणे. त्यानं गाडी बंद केली आणि गर्दीतून ढकलत नेली.

घरी आल्यावर बायडाबाईनं चंद्राच्या पाठीवर तेल लावलं.  मग तिनं विचारलं, "ह्याच्यासाठी मारत हुतासा व्हय?"

"त्याला साधा ओरखडा आला न्हाय," पिराजी म्हणाला. 

"आन् हिला?"

पिराजीनं काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. मग घरात जाऊन गुळाचा खडा आणला. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली विश्वजितची गाडी होती. हँडल सरळ करून त्यानं ती तशीच ठेवली होती, कधी विकली नव्हती. त्यानं पोतं काढलं. हा आवाज चंद्रा ओळखेल, असं त्याला वाटलं. लेकराचा आवाज आहे तो, तो ती कशी विसरेल?

तळहातावर गूळ घेऊन त्यानं किक मारली. दोन-तीनदा खोकून गाडी सुरू झाली.

चंद्रानं डोळे घट्ट मिटले. पुढचे गुडघे वाकले आणि मान खाली गेली.

पिराजीनं चावी फिरवली. गाडी गप्प झाली तरी ती लवकर उठली नाही. तो तिच्यासमोर शेणातच बसला, गुळाचा हात पुढं धरून, आणि तिनं डोळे उघडायची वाट बघत राहिला.