फौजदारीणबाईंच्या घरात हात

चावली ती चावली, वर मागचे पाय दाणकन आपटून कोपऱ्यात जाऊन बसली. जीव केवढा, तर भोपळ्याएवढा. पण तोरा असा, की खऱ्या फौजदाराने टोपी काढावी. गावाला कायमची निघालेली एक गिऱ्हाईकबाई तो ससा, म्हणजे ती सशीण, ताईच्या ओटीत टाकून गेली तेव्हा तिचं नाव कापशी होतं. पहिल्याच महिन्यात तिने भावजयीच्या मनगटाचा आणि दुधवाल्याच्या पोटरीचा समाचार घेतला आणि कापशी मागे पडलं. तिला सगळे फौजदारीण म्हणायला लागले.

आज मात्र तिने भावाच्या उजव्या हाताचं बोट फोडलं होतं, आणि भावाचं पोट होतं कात्रीवर. पुढच्या खोलीत सलून, मागे घर. सलूनच्या पडद्याअलीकडे भावाच्या दोन खुर्च्या, पडद्यापलीकडे बायकांची एक. ती ताई सांभाळायची.

"उद्या सकाळी कोंबडीवाला येतोय," बोटाला पट्टी गुंडाळत भाऊ म्हणाला. "सांगून ठेवलंय त्याला. घेऊन जाईल."

"पाळायला?" ताईने विचारलं.

भावजय भांडी विसळायला आत निघून गेली. कोंबडीवाला जनावरं किती दिवस पाळतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"ती कुठेही जाणार नाही," ताई म्हणाली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. रोज सकाळी उठून हिची घाण मी काढायची, आणि हिने माझाच हात तोडायचा? खाल्ल्या अन्नाला जागत नाही ही."

"तिला राग येत असेल. पिंजरा तिचं घर आहे."

"घर माझं आहे," भाऊ म्हणाला.

नवऱ्याचं घर सोडून ताई इथे आली तेव्हापासून हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकलं होतं. गल्लीत ती फटकळ म्हणून प्रसिद्ध होती, पण तो फटकळपणा पडद्यापलीकडच्या खुर्चीपुरता. घरात सगळं गिळायची. आज मात्र घास उतरेना. तिला भयंकर राग आला, आणि राग आलाय याचं बरंही वाटलं.

दुपारी तिने खुर्चीवर टॉवेल टाकून काम बंद केलं, बाजाराची टोपली आडवी करून पिंजऱ्याच्या दाराशी लावली, आत कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. फौजदारीणबाईंनी बराच वेळ भाव खाल्ला. मग स्वतःच्या पायांनी टोपलीत शिरल्या. ताईने वरून ओढणी बांधली आणि थेट जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने आधी दात पाहिले, मग पोट चाचपलं. कुठे दुखत-खुपत नव्हतं.

"ही केस उपटून गवतात रचते का?"

"रोज. छातीवरचे."

"पोटात पिल्लं नाहीत, पण तिला वाटतंय आहेत. म्हणून घरटं करते. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन करून टाकू, पुष्कळ निवळेल. पण मला सांगा, पिंजऱ्यात हात कोण घालतं?"

"माझा भाऊ. साफ करायला."

"कसा घालतो?"

ताईने हात हवेत धरून दाखवला, आणि दाखवता दाखवताच थांबली. भाऊ दार उघडायचा, पंजा वरून टाळूवर टेकवायचा आणि डोकं खाली दाबायचा. गिऱ्हाइकाची मान धरतो, अगदी तसाच. मग दुसऱ्या हाताने गवत, केस, सगळं ओरबाडून बाहेर. स्वच्छतेचा त्याला भारी सोस. दुष्टपणा नव्हता त्यात, हाताला वळणच ते पडलेलं. मोठमोठे साहेब त्या पंजाखाली निमूट मान तुकवत. फौजदारीण तेवढी तुकवत नव्हती.

"वरून हात आला की तिला घार आल्यासारखं वाटतं," डॉक्टरीण म्हणाली. "आणि नाकासमोर धरलेलं तिला दिसतच नाही. त्यात रोज कुणी घरटं मोडतंय. तुम्ही काय केलं असतं?"

"चावले असते," ताई म्हणाली.

"झालं तर मग. ती बाहेर असताना पिंजरा साफ करायचा. आपण जमिनीवर बसायचं, तिला येऊ द्यायचं, हात बाजूने न्यायचा. चावली तर मारायचं नाही. आणि शक्यतो हात झटकन मागेही घ्यायचा नाही. नाहीतर ती शिकते, चावलं की माणूस पळतो."

ऑपरेशनची वेळ ठरवूनच ताई बाहेर पडली. वाटेत टोपलीवर कान ठेवून म्हणाली, "ऐकलंस ना? तुझं काही चुकलं नाही."

सकाळी कोंबडीवाला जाळीचा खोका घेऊन दारात हजर. भावाने केस रंगवायचे रबरी मोजे हातात चढवले होते, तेही दोन-दोन. पण पिंजऱ्याच्या वाटेत ताई फरशीवर मांडी ठोकून बसली होती.

"उठ, ताई."

"नाही उठणार."

"लोकांपुढे तमाशा नको."

"तमाशा तू बोलावलास. खोका घेऊन दारात उभा आहे बघ."

कोंबडीवाला कंटाळून म्हणाला, "बाई, मला दुसरी कामं आहेत."

"मग जा ना. कुणी धरून ठेवलंय?"

ताईने पिंजऱ्याच्या दाराची कडी काढली, तिकडे अर्धी पाठ केली आणि तळवा फरशीवर उपडा ठेवला. फौजदारीण बाहेर आली ती कान मागे टाकून, गुरगुरत. दोन उड्या मारल्या आणि ताईच्या करंगळीखाली कचकन चावली. भावजय किंचाळली. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण हात जागचा हलला नाही.

"चाव," ती दबल्या आवाजात म्हणाली. "मी इथेच आहे."

सशिणीने हात सोडला. पाय आपटले. माणूस पळत नाही म्हणजे काय, हे काही तिच्या ध्यानात येईना. ताईभोवती एक चक्कर मारून तिने कोपर हुंगलं, गुडघ्याला हनुवटी घासली आणि थोडी दूर जाऊन बसली.

"बघ, तुलासुद्धा चावली!" भाऊ म्हणाला. "तुझीच लाडकी!"

"चावली. आत्ताच कुठे मोकळी झालीय, विश्वास कसा ठेवेल? तू रोज न विचारता तिच्या घरात हात घालतोस. डोकं दाबतोस, बिछाना उपसतोस. आणि वर म्हणतोस, जागत नाही." ताई थांबली नाही. "माझं कपाट न विचारता गच्चीवर नेऊन ठेवलंस. माझी खुर्ची गर्दी झाली की तुझ्या गिऱ्हाइकांना देतोस. माझ्याकडे आलेल्या बायकांना परस्पर सांगतोस, आज ताईला जमणार नाही. मी एकदाही चावले नाही. चूक झाली माझी. आता चावणार."

भावाने तोंड उघडलं. नेहमीचं ते वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं. पण बहिणीच्या हातावरून रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता, आणि ती तो पुसतही नव्हती. त्याने कोंबडीवाल्याला मानेनेच जायला सांगितलं. कोंबडीवाला "आधी ठरवत जा राव," असं पुटपुटत खोका उचलून गेला.

भाऊ एकेक करून चारही मोजे काढत उभा राहिला. मग खाली बसायला वाकला.

"तिथे नको. लांब," ताई म्हणाली. "आणि हात मांडीवर ठेव."

तो लांब बसला. हात मांडीवर ठेवले. सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक येऊन खाकरलं, तरी उठला नाही. फौजदारीणबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि निवांत तोंड धुवायला घेतलं.

"माझ्याकडे कधी येईल गं ही?" त्याने हळूच विचारलं.

"तिला वाटलं तर येईल," ताई म्हणाली. "नाही वाटलं तर नाही येणार."