हातात नाही, टेबलावर

मी एक जुने टेबल आहे. शाळेतले नव्हे, जेवणाचेही नव्हे. अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या एका कॅसिनोत, म्हणजे पैसे लावून खेळायच्या भल्यामोठ्या दालनात, मी पत्त्यांचे टेबल म्हणून उभे होते. मित्रांनो, एकवीस वर्षांच्या आतल्या मंडळींना माझ्याजवळ फिरकायचीही बंदी, म्हणून तुमची-माझी गाठ कधी पडली नाही. आता १९८९ साल चालू आहे आणि मी मागच्या कोठीत पडून आहे. इथे कोणालाच बंदी नाही, कारण इथे कोणी येतच नाही.

एका सुताराने मला अर्धगोल कापले, कडेला कातड्याची गादी ठोकली आणि वर हिरवीगार बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बसवली. पहिल्या दिवशी मॅनेजरने माझ्यावरून तळहात फिरवला आणि तो "ब्यूटिफुल!" म्हणाला. त्या एका शब्दावर मी वर्षभर मिरवले.

नवखा पाहुणा मला लांबूनच ओळखू यायचा. तो आधी खुर्चीला हात लावायचा आणि मग बसू का, असे विचारल्यासारखे हसायचा. बिचाऱ्याला काय काय शिकावे लागे! पत्ता हवा असेल तर बोटाने माझ्यावर टकटक करायची, नको असेल तर तळहात हलवायचा, नुसते तोंडाने सांगून चालत नसे. पण सगळ्यांत मोठा नियम पैशांचा. पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या हातात नोट द्यायची नाही, माझ्यावर ठेवायची. ती छतातल्या कॅमेऱ्याला दिसली पाहिजे ना! डीलरनेही चिपा, म्हणजे नोटेच्या बदल्यात मिळणाऱ्या खेळायच्या चकत्या, माझ्यावरून सरकवायच्या, हातात ठेवायच्या नाहीत. त्यामुळे हजारो हात माझ्यावर आले, पण एक हात दुसऱ्या हाताला लागलेला मी कधी पाहिला नाही. या गोष्टीची मला फार हुरहूर वाटायची. मी मध्ये नसते तर, असे सारखे मनात यायचे.

१९८६ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, तीन मराठी माणसे माझ्याजवळ आली. शेजारच्या राज्यातल्या फ्रीमाँटहून बर्फ बघायला निघालेले प्रल्हाद, त्यांच्या पत्नी शरयू आणि मित्र चारुदत्त. चारुदत्त आधी चारदा येऊन गेलेले, म्हणून त्या दिवसाचे गुरुजी तेच.

"हे बघ प्रल्हाद, कार्ड्सना टच करायचं नाही. एकदा बेट लावली की चिप्सना पण नाही. आणि फोटो तर अजिबात काढू नकोस."

"एवढे रूल्स आमच्या ऑफिसात पण नाहीत हो!" शरयू हसून म्हणाल्या.

गुरुजींनी सगळे सांगितले आणि नेमका मोठा नियम सांगायचा विसरले. प्रल्हाद बसले. त्यांनी नोट काढली, तिची घडी उलगडली आणि तुमच्याकडे मोठ्या माणसाला वस्तू देतात तशी दोन्ही हातांनी पुढे केली. समोर अर्लीनबाई होत्या, जॉर्जियाहून आलेल्या काळ्या वर्णाच्या, शिस्तीच्या डीलर. त्यांनी चटकन हात मागे घेतले.

"नॉट इन माय हँड, सर. ऑन द टेबल."

"अरे यार, सॉरी, सांगायचं राहिलं," चारुदत्त हसत म्हणाले. "इथे हातात घेत नाहीत. खाली ठेव."

प्रल्हादांचे हात हवेतच राहिले. हरलेल्या माणसांचे चेहरे मी खूप पाहिले आहेत, पण हा तसा नव्हता. ते उठले. शरयूंनी त्यांची बाही धरली. "अहो, बसा ना."

"नको. हे मी ऐकलंय," प्रल्हाद म्हणाले. "माझे वडील दुकानाच्या पायरीवर पैसे ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मगच उचलायचा. मिठाची पुडी वरून टाकायचा. आमच्या जातीचा हात लागू नये म्हणून. चारू, वीस वर्षांत इथे मला असं कुणी म्हणालं नव्हतं."

चारुदत्तांचे हसू विरले. पंधरा वर्षे ते या घरी जेवत होते, पण हे कधी विचारले नव्हते. "मला सुचलंच नाही रे."

"तुला कसं सुचणार?" प्रल्हाद म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर तो जास्त लागला.

हा नियम सगळ्यांना आहे, असे ओरडून सांगावेसे मला वाटत होते. पण लाकडाला कुठला आवाज? शरयूंनीच अर्लीनबाईंना इंग्रजीत चार वाक्यांत सगळे सांगितले. बाईंनी शेजारच्या टोपीवाल्या गोऱ्या गृहस्थाकडे बोट केले. त्यानेही नोट माझ्यावरच ठेवली होती.

"सगळ्यांना, सर. माझ्या सख्ख्या वडिलांनासुद्धा," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या गावचा दुकानदार माझ्या आईचे सुटे पैसे काउंटरवर टाकायचा आणि मागच्या गोऱ्या बाईच्या हातात द्यायचा. त्यातला आणि या नियमातला फरक मला कळतो. वीस मिनिटं थांबा. मग माझा ब्रेक आहे."

प्रल्हाद पुन्हा बसले. त्यांनी नोट माझ्यावर ठेवली. पुढे ते जिंकले की हरले? मित्रांनो, मी त्या दिवशी पत्ते पाहिलेच नाहीत.

वीस मिनिटांनी दुसरा डीलर आला. अर्लीनबाईंनी हात झटकून कॅमेऱ्याला रिकामे तळवे दाखवले, मला वळसा घातला आणि प्रल्हादांसमोर येऊन हात पुढे केला. प्रल्हादांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चारुदत्त खाली आपल्या बुटांकडे बघत उभे होते. हे सगळे माझ्या कडेपासून वीतभर अंतरावर घडले. ती एक वीत मला अजून छळते.

पुढे माझी बनात विटली, गादी उसवली आणि कौतुक करणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला. मला कोठीत ढकलले. त्याचे फारसे दुःख नाही. मात्र एक मागणे आहे. नवख्या पाहुण्याला नियम सांगाल, तेव्हा तो सगळ्यांना आहे हे आधी सांगा. कोणाचे काय जुने दुखते आहे, ते वरून दिसत नाही.

उद्या मला न्यायला दोन माणसे येणार आहेत. कुठे नेणार, ठाऊक नाही. पण मी जड आहे, एकट्याला उचलवणार नाही. एकाने इकडून आणि एकाने तिकडून धरावे लागेल. कोठीचे दार अरुंद आहे. तिथे मला आडवे करताना माझ्याखाली त्यांचे हात एकमेकांना लागतील. तेवढे होऊ दे, मग मला कुठेही नेऊन टाका.