आईला चालणार नाही

"श्वास घ्या, मावशी. पोटभर घ्या. आता सोडा."

दमयंतीने श्वास सोडला आणि तेवढ्यात पोरीने लाइफ जॅकेटचा पट्टा कचकन ओढून बकल लावलं. मग दोन बोटं पट्ट्याखाली घालून पाहिली, मान डोलावली आणि बोर्ड पाण्यात ढकलायला वाकली. बोर्ड म्हणजे पुरुषभर उंचीहून थोडी लांब, हवा भरलेली निळी फळी. यावर म्हणे माणसाने उभं राहायचं आणि हातातल्या लांब वल्ह्याने पाणी मागे सारत जायचं.

पोरगी रंगाने सावळी होती, अंगाने काटक. घट्ट वेणी, लांब बाह्यांचा टीशर्ट, गुडघ्यापर्यंतची पँट. नाव कीर्ती. हे नाव दमयंतीला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं, पण आजच पहिल्यांदा ऐकल्यासारखं तिने तोंड केलं होतं.

फेब्रुवारीत तिच्या मुलाने, आर्यनने, जेवता जेवता सांगितलं होतं की त्याला एक मुलगी आवडली आहे. जासईच्या कंटेनर यार्डात त्याच्याबरोबर काम करणारे मित्र मिळून पनवेलच्या पलीकडे धरणावर कँपला गेले होते, तिथे ती पॅडल बोर्ड शिकवायला होती. दमयंतीने ताटात आणखी भात वाढला आणि "बघू" एवढंच म्हणाली. त्यानंतर मात्र तिची झोप उडाली. अर्धी पँट घालून परक्या बाप्यांना पाण्यात उभं राहायला शिकवणारी सून! गावातल्या हळदीत बायका काय काय बोलतील, ते तिला त्यांच्या आवाजांसकट ऐकू येऊ लागलं.

तिची नणंद वेणूताई सुकापूरला फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. नवरा गेल्यापासून त्यांनी आयुष्यात बाकी राहिलेल्या गोष्टी एकेक करून घ्यायचा सपाटा लावला होता. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बगायचीच तर कामावर बग. चहाचा ट्रे घेऊन खाली मान घालून आलेली पोरगी काय दिसनार हाय?"

त्यांनीच स्वतःच्या नावावर दोघींचं बुकिंग केलं. घरी दमयंतीने नवऱ्याला, भगवानला, सांगितलं की दोन दिवस वेणूताईंकडे जाते. ते काही खोटं नव्हतं. वेणूताई जिथे होत्या तिथेच ती होती. फक्त आजूबाजूला बावीस तंबू होते, मे महिन्याने खाली उतरवलेलं धरणाचं पाणी होतं आणि अंगात भाचीची ट्रॅक पँट होती.

"गुडघ्यांवर बसा. हां. आता पॅडल पुढे टाका आणि मागे ओढा. जोर खांद्यातून लावायचा, मनगटातून नाही."

दमयंतीने पाणी मागे ओढलं आणि फळी निमूटपणे पुढे सरकली. तिला हसूच फुटलं. लहानपणी ती खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या-खेकडे धरायला जायची, पण ते चिखलातलं जाणं होतं, पाय ओढत. हे म्हणजे बसल्या जागी सरकणं. वरून ऊन तापत होतं, पाण्याला गरम कौलांसारखा वास येत होता आणि काठावरच्या जांभळीखाली वेणूताई करवंदं खात मोबाइल उंच धरून बसल्या होत्या.

"आता एक पाय उचलून पुढे. घाई नाही."

दमयंतीने पाय उचलला. फळी एका अंगाला गेली, ती दुसऱ्या अंगाला गेली आणि पुढच्या क्षणी कानानाकात पाणी. वरचं पाणी कोमट होतं, खालचं चांगलंच गार. जॅकेटने तिला बुचासारखं वर आणलं. डोळे उघडते तर पोरगी शेजारी पाण्यात, एक हात तिच्या काखेत, चेहरा शांत. दमयंती शिंकली, खोकली आणि खदखदून हसली. तेव्हा कुठे कीर्ती हसली. आधी नाही. हे दमयंतीने ध्यानात ठेवलं.

आणखीही बरंच ध्यानात ठेवलं. एक दांडगा पाहुणा जॅकेट न घालता बोर्डवर चढायला लागला. "मला येतं पोहायला," तो म्हणाला. कीर्तीने आवाज न चढवता सांगितलं, "सर, जॅकेट नाही तर बोर्ड नाही," आणि त्याच्या बोर्डचा दोर स्वतःच्या पायाखाली दाबून उभी राहिली. तो कुरकुरत जॅकेट घालेपर्यंत तिने पाय हलवला नाही. संध्याकाळी वेणूताईंनी विचारलं, "मग? खोट काय निघाली?" तर खूप आठवून दमयंतीला एकच सांगता आली, "अनवानी फिरते."

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा कँपच्या स्वयंपाकघरात गोंधळ उडाला होता. स्वयंपाकघर म्हणजे चार बांबूंवर टाकलेले पत्रे आणि तीन चुली. कीर्तीचे वडील काळूराम पाहुण्यांचा स्वयंपाक बघायचे. भाकऱ्या करणारी बाई कुठल्याशा हळदीला निघून गेली होती आणि काळूराम स्वतः तांदळाच्या पिठाशी झुंजत होते. त्यांच्या हातून उतरलेली भाकरी बघून दमयंतीला राहवेना.

"सरका तुमी, दादा. पीठ कुठं हाय? आनि गरम पानी द्या."

कीर्ती लाकडं घेऊन येत होती. ती थबकली.

"तुमी आमच्यातल्याच की, मावशी! मगाशी किती शुद्ध बोलत होता."

"तू तरी कुठं वेगलं बोलत होतीस?" दमयंती म्हणाली आणि दोघी हसल्या.

काळूराम मासे तळायला दुसऱ्या चुलीकडे गेले. वेणूताई कांदा चिरायला बसल्या. दमयंतीच्या पंजात भाकरी गरगरत मोठी होऊ लागली आणि शेजारी बसून कीर्ती तव्यावरची उलटू लागली. दोघींचा हात जमला. ती पोरगी आपणहून बोलायला लागली. आधी हे काम कसं मिळालं ते. मग मालवणला जाऊन महिनाभर शिकून आली ते. मग बोलता बोलता म्हणाली, "पन आता किती दिवस करीन कोन जाने."

"का गं?"

"एक पोरगा हाय." तिने चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. "चांगला हाय. मोकला हसतो. लगीन करू म्हनतो. पन म्हनतो, लग्नानंतर हे काम सोडावं लागंल."

वेणूताईंची सुरी थांबली.

"असं तो म्हनतो?" दमयंतीने विचारलं.

"तो नाय हो. तो म्हनतो, मला काय नाय, पन आईला चालनार नाय. दर येली तेच. आईला चालनार नाय, आईला चालनार नाय." कीर्तीने भाकरी उलटली. "कसली बाई असंल, सांगा! मला बगितली नाय, माजं काम बगितलं नाय, आनि घरी बसून चालनार नाय! येत्या रविवारी तो येनार हाय. नाय म्हनून सांगनार हाय मी त्याला."

वेणूताईंना ठसका लागला. कांद्यामुळे, असं त्या म्हणाल्या.

दमयंतीने तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उचलली. बोटं चांगलीच पोळली. तिने बोटं पाण्याच्या परातीत बुडवली आणि पुढचा गोळा हातात घेतला. त्यानंतर तिने लागोपाठ चौदा भाकऱ्या केल्या.

जेवणाआधी दोघी आपल्या तंबूसमोर येऊन बसल्या. पाण्यावर अजून थोडा उजेड होता.

"वेनूताई, मी असं कधी म्हनाले?"

"नाय."

"मी फक्त बघू म्हनाले. मनात होतं माज्या, खोटं नाय सांगत. म्हनून तर इथपर्यंत आले. पन तोंडातून शब्द काढला नाय. याने माज्या नावावर परस्पर कसं सांगितलं?"

वेणूताईंनी पाय लांब केले. "भगवानचा पोर हाय तो."

"म्हंजे?"

"काय नाय. भगवानबी लहानपनी आपलं नको आईच्या नावावर सांगायचा."

पण दमयंती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या आणि भगवानच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. लग्न झालं त्याच वर्षी तिला गावच्या बालवाडीत शिकवायची नोकरी लागत होती. दहावी झालेली ती एकटीच सून होती गावात. सरपंच स्वतः विचारायला आले होते. त्या रात्री भगवानने सांगितलं होतं, मला काय नाय गं, पण आईला चालणार नाही. तिने सरपंचांना नाही कळवलं. पुढे सासू होती ती एकोणीस वर्षं दमयंतीने तिचं सगळं केलं. औषधं दिली, पाय चेपले, शेवटी शेवटी भरवलंसुद्धा. पण मांडीला मांडी लावून दोन गोष्टी बोलायला ती कधी तिच्याजवळ बसली नाही. हात सगळं करत होते, मन उंबऱ्याबाहेर उभं असायचं.

"बालवाडीचं बोलताय तुमी?" तिने हळूच विचारलं.

"आता काढलंस म्हनून इचारते." वेणूताई म्हणाल्या. "तू ती नोकरी सोडलीस का गं? आई मला किती येला म्हनायची. म्हनायची, एवढी शिकलेली सून आनली, सरपंच दारात आला, तर ही नाय म्हनाली. आलशी हाय."

"आलशी?"

"आलशीच म्हनायची. मलाबी तेच वाटायचं, तुजंच मन नसंल."

दमयंतीने जमिनीवरचा एक खडा उचलला. तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. परत पहिल्या हातात घेतला. तिला म्हातारीचा खाटेवरचा चेहरा आठवला. तिने पाणी दिलं की पेला परत देताना म्हातारी क्षणभर तिच्याकडे बघायची, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. दमयंती पेला घेऊन वळायची.

मग तिचे खांदे हलायला लागले. वेणूताई घाबरून जवळ सरकल्या, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आलशी!" ती म्हणाली. "एकोनीस वर्षं मी तिचं करून मेले, आनि ती मला आलशी म्हनत होती!"

मग वेणूताईही हसायला लागल्या. शेजारच्या तंबूतल्या जोडप्याने पडदा बाजूला करून बघितलं आणि परत लावला.

सकाळी सातला दमयंती पाण्याच्या काठाशी हजर होती. जॅकेट तिने स्वतःच घातलं, पट्टा स्वतःच ओढला. कीर्ती बोर्ड उतरवत होती.

"एवढ्या लवकर, मावशी?"

"आज उभी राहिल्याबिगर जानार नाय मी."

दोघी दोन बोर्डांवर निघाल्या. वारा अजिबात नव्हता. पहिल्या खेपेला दमयंती पडली, दुसऱ्या खेपेलाही पडली. तिसऱ्या वेळी तिने दोन्ही पंजे फळीवर रोवले, एक पाय पुढे घेतला, मग दुसरा, आणि कमरेतून हळूहळू सरळ होत गेली. फळी डुलली, पण तिच्याखाली टिकली. उभं राहिल्यावर धरण एकदम मोठं झालं. पलीकडच्या काठावर पाणी पिणाऱ्या म्हशी दिसल्या, तंबू दिसले, जांभळीखाली मोबाइल उंच करून नाचणाऱ्या वेणूताई दिसल्या.

"जमलं, मावशी! जमलं!" शेजारच्या बोर्डवर उभी असलेली कीर्ती ओरडली.

दमयंतीने दोनदा पाणी ओढलं. मग समोर बघतच म्हणाली, "तो रविवारचा पोरगा आला ना, की त्याला एक इचार. त्याच्या आईने त्याला असं कधी सांगितलं? कुठल्या दिवशी? त्याला सांगता नाय येनार."

"का नाय येनार?"

"कारन तिने सांगितलंच नाय."

कीर्तीचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. "तुमी वलखता तिला?"

"वलखते की. त्या पोराला तर सत्तावीस वर्षं वलखते. जन्माला आला तवापासून."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यावर उभी राहणारी ती पोरगी धाडकन पाण्यात पडली. दमयंतीची फळी लाटेने डुलली. ती दोन्ही हात पसरून कशीबशी उभी राहिली. कीर्ती वर आली, केस मागे सारले आणि बोर्डची कड धरून नुसती बघत राहिली. सावळ्या रंगातूनसुद्धा तिचा चेहरा लाल झालेला कळत होता.

"मी काल तुमाला काय काय बोलले," ती पुटपुटली.

"मला नाय. त्या घरी बसलेल्या बाईला बोललीस."

कीर्तीने ओठ चावले. थोड्या वेळाने धीर करून तिने विचारलं, "मग… चालंल तुमाला?"

"माजं इचारू नको," दमयंती म्हणाली. "तुला तो चालतो का, ते बग. आनि सावकाश बग. रविवारीच सांगायला पायजे असं काय नाय."

एवढं बोलायच्या नादात तिचा तोल गेला आणि ती पाण्यात पडली.

दोघी बोर्ड ओढत काठावर आल्या तेव्हा वेणूताई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा झाले होते. टॉवेलबरोबर त्यांनी दमयंतीच्या हातात वाजणारा फोन ठेवला. आर्यन होता.

"आई, तो फोटो… ते धरण… तू तिथे कशाला गेलीस?"

"उभी राहायला शिकायला."

"तू… तू तिला भेटलीस? काय बोललीस तिच्याशी? काय म्हणाली ती?"

कीर्ती थोड्या अंतरावर पाठमोरी उभी राहून बोर्ड पुसत होती. पुसून झालेलाच बोर्ड ती परत पुसत होती. दमयंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक, आर्यन. रविवारी येशील तवा एक कर. तुजं जे काय म्हननं असंल, ते तुज्या नावाने सांग."

पाठमोऱ्या पोरीचा हात थांबला.

"आई," आर्यन म्हणाला, आवाज लहानपणी मार खायच्या आधी असायचा तसा. "बाबांना सांगितलंयस का तू तिकडे गेलीयस ते?"

"नाय. त्यांच्याशी घरी जाऊन बोलनार हाय," दमयंती म्हणाली. "त्यांच्याशी जरा जुनं बोलायचं हाय."

तिने फोन वेणूताईंच्या हातात दिला आणि केसांतलं पाणी पिळायला खाली वाकली.