खुबा अगदी उत्तम

पी.टी.च्या बाई आज दवाखान्यात लंगडत शिरल्या. उगाच नाही, चांगलं ठरवून. सात वर्षांपूर्वी त्यांचा झिजलेला खुबा काढून नवा बसवला होता. सिमेंटशिवायचा, म्हणजे हाडातच रुजणारा, सिरॅमिकच्या गोळ्याचा. तेव्हा दूर राहणारा मुलगा दोन महिने घरी येऊन राहिला, त्यानं हाताला धरून आईला अंगणभर चालवलं. काय दिवस होते ते! मग पाय जो बरा झाला तो झालाच, आणि मुलाचं येणं आटलं. परवा फोनवर म्हणाला, "तपासणीत काही निघालं तर सांग, लगेच रजा टाकतो." झालं! बाईंनी तेवढंच ऐकलं.

आता पी.टी. चुकवायला लंगडणारी किती पोरं बाईंनी कान धरून पळवली असतील. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा सोंग काही वठेना.

डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून खूश झाले. "वा! हाड कसं घट्ट रुजलंय बघा. गोळाही झिजलेला नाही. चालताना करकर वाजतो का?"

"वाजत नाही, पण दुखतं हो फार," बाई कण्हल्या. "थांबा, चालूनच दाखवते."

खोलीत दोन फेऱ्या झाल्या. डॉक्टर बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "बाई, ऑपरेशन डाव्या पायाचं झालंय. तुम्ही उजवा ओढताय."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. आधी हसू फुटलं, मग डोळेच भरून आले.

"घरी कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी असते की," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बाहेर येऊन बाईंनी जिन्यापाशी उभ्यानंच मुलाला फोन लावला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

थाप अगदी जिभेवर आली होती. ती गिळून त्या म्हणाल्या, "पाय ठणठणीत आहे रे. उत्तम म्हणाले."

"हुश्श! जीव भांड्यात पडला बघ."

"तरी ये ना," बाई म्हणाल्या. एवढंसं बोलायला त्यांना सात वर्षं लागली होती.

मुलगा गोंधळलाच. बिचाऱ्याला खरंच कळेना. "अगं आई, पण सगळं चांगलं असताना येऊ कशाला?"

"हो, तेही खरंच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.